क्रूझवर ईमेल आणि इंटरनेट कमी खर्चात कसं चालवायचं?

मोंढेकर_लातूर
राम राम मंडळी. आई-वडिलांना घेऊन सिंगापूर-पिनांग-फुकेत अशी चार रात्रींची क्रूझ बुक केली आहे. मोंढ्यात (धान्य बाजारात) आडत आहे, त्यामुळं सोयाबीन-तुरीचे भाव, पट्ट्यांचे (मालाच्या हिशोबाच्या पावत्यांचे) फोटो आणि सीएचे मेल रोज बघावेच लागतात. पिक्चर, रील काही नको. जहाजाच्या वाय-फायचा दर एका मोबाइलला, दिवसाला, डॉलरमध्ये सांगतायत. घरात मोबाइल चार. चारही मोबाइलला पॅकेज घ्यावं लागतं का? इंटरनॅशनल रोमिंगचं पॅक मारलं तर समुद्रात चालतं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी नीट सांगा.

गोदाकाठ_नांदेड
दादा, रोमिंगचं आधी बघा, मोठा फटका तिथंच बसतो. सिंगापूर, मलेशिया, थायलंड असं देशाचं पॅक त्या देशाच्या जमिनीवरल्या टॉवरपुरतं असतं. किनारा मागं पडला की जहाज स्वतःचा छोटा टॉवर चालू करतं आणि तो उपग्रहाला जोडलेला असतो. मोबाइलवर ‘सेल्युलर ॲट सी’ किंवा ‘टेलिनॉर मेरिटाइम’ असलं नाव दिसतं. हे नेटवर्क कुठल्याच देशात धरत नाहीत, त्याला ९०१ हा वेगळा कोड आहे. म्हणून देशाच्या पॅकमध्ये ते बसत नाही. पॅकच्या माहितीत ‘क्रूझ’ किंवा ‘मेरिटाइम’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाहीच असं समजा. फोन नुसता खिशात असला तरी आतली ॲपं गुपचूप डेटा ओढतात आणि एमबीमागं पैसे लागतात.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेवर करायचा. जहाजानं धक्का सोडायच्या आधी चारही मोबाइल विमान मोडवर टाका, मग त्यातच वाय-फाय हातानं चालू करा. नुसता मोबाइल डेटा बंद करून भागत नाही, कारण तेवढ्यानं कॉल आणि एसएमएस थांबत नाहीत. जहाजाच्या टॉवरवर फोन उचलला तरी मिनिटाचे पैसे लागतात. वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर हे तुम्ही स्वतः करा, त्यांच्यावर सोडू नका.

तुमच्या मार्गावर आणखी एक भानगड आहे. मलाक्काची सामुद्रधुनी सिंगापूरकडं अगदी अरुंद आहे. एका बाजूला मलेशिया, दुसऱ्या बाजूला इंडोनेशिया. फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. पॅकमध्ये मलेशिया असेल आणि इंडोनेशिया नसेल तर अंगाशी येतं. म्हणून बंदरात रोमिंग वापरताना नेटवर्कची निवड ‘आपोआप’ ठेवू नका, कंपनी हातानं निवडा.

देवगिरी_नेटवर्क
चार पॅकेज घ्यायची गरज नाही. बहुतेक क्रूझवर पॅकेज ‘एका वेळी एक उपकरण’ असं असतं. म्हणजे खातं एकच, एका मोबाइलवर लॉग आउट करून दुसऱ्यावर लॉग इन करता येतं. तुमच्या जहाजावर असंच आहे का, की पॅकेज एका मोबाइलला कायम बांधलेलं आहे, एवढं बुकिंग करतानाच विचारून घ्या. सकाळी भाव बघून झाले की लॉग आउट, मग आईंच्या मोबाइलवर अर्धा तास, असं सगळ्यांचं भागतं. हॉटस्पॉट करून वाटायच्या मागं लागू नका, बऱ्याच जहाजांच्या अटींत त्याला मनाई असते.

पॅकेज घरूनच, कंपनीच्या ॲपवरून घ्या. जहाजावर चढल्यावर तेच महाग पडतं. सहसा दोन प्रकार असतात, साधं आणि स्ट्रीमिंगचं. मेल आणि व्हॉट्सॲपसाठी साधं पुरतं. बिल डॉलरमध्ये लागलं तर कार्डावर बँकेचा फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनाचा जादा आकार) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी पडतो, हे दराची तुलना करताना धरा.

मिनिटाचं पॅकेज असेल तर जपून. जहाजाचं नेट उपग्रहावरून येतं, आणि जुन्या पद्धतीचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. सिग्नल तिथं जाऊन उत्तर घेऊन परत येईस्तोवर अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. एक साधं वेबपान उघडताना अशा डझनावारी फेऱ्या होतात, त्यामुळं पान रांगतं आणि मिनिटं जळतात. स्टारलिंक या कंपनीचे उपग्रह पाचेकशे किलोमीटरवर आहेत, ते बसवलेल्या जहाजावर हा त्रास जवळजवळ नाही. कुठली सोय आहे ते विचारा, त्यावरच मिनिटाचं घ्यायचं की दिवसाचं हे ठरवा.

लॉग इनचं पान उघडत नसेल तर दोन गोष्टी तपासा. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला कुठलं नाव टाकून ठेवलं असेल तर ते पान अडतं, ‘ऑटोमॅटिक’ करा. आणि दरवेळी नवीन उपकरण म्हणून पैसे मागत असेल तर त्या वाय-फायपुरता ‘रँडमाइज्ड मॅक’ (वाय-फायला दाखवायची मोबाइलची बदलती ओळख) किंवा आयफोनचा ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ बंद करा. लॉग आउटचं पान बुकमार्क करून ठेवा. वाय-फाय नुसतं बंद केल्यानं मिनिटांचं मीटर लगेच थांबेलच असं नाही.

परभणी_आयटी
वरचं सगळं बरोबर. पण भाऊ, डेटा मेलनं संपत नाही. मजकुराचा मेल काही केबींचा असतो. डेटा खातो तो मोबाइलचा समज, की वाय-फाय म्हणजे फुकट. घरच्या वाय-फायवर जे आपोआप चालतं ते सगळं तो जहाजावरही सुरू करतो. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक मोबाइलवर एवढं करून टाका:

व्हॉट्सॲपमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन वाय-फायवर असताना ‘नो मीडिया’ करा. मुळात तिथं फोटो, ऑडिओ, व्हिडिओ सगळं चालू असतं. गावाकडच्या ग्रुपवरल्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओतच पॅकेज संपतं. चॅट बॅकअप बंद. गूगल फोटोज किंवा आयक्लाउडचा बॅकअप बंद. दिवसभर काढलेले फोटो रात्री वर चढायला लागले तर मेल सरकतच नाही. प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट बंद. मग जहाजाच्या वाय-फायला जोडल्यावर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडला ‘मीटर्ड’ (म्हणजे मोजून मिळणारं नेट) आणि आयफोनला ‘लो डेटा मोड’ निवडा. लॅपटॉप विंडोजचा असेल तर त्यातही ‘मीटर्ड कनेक्शन’, नाहीतर अपडेट उतरायला सुरुवात होते.

आता मेल. ब्राउझरमध्ये उघडू नका, जीमेलचं ॲप वापरा. ॲपमध्ये खात्याच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फायवर अटॅचमेंट आपोआप उतरवा’ हे बंद करा आणि बाहेरची चित्रं ‘विचारून दाखवा’ करा. उत्तरं नेट नसताना खोलीत बसून लिहा, पाठवाचं बटण दाबा. ती आउटबॉक्समध्ये थांबतात. मग लॉग इन करायचं, मेल वर जातात, नवे खाली येतात, आउटबॉक्स रिकामा दिसला की लॉग आउट. वाचन परत ऑफलाइन. लॅपटॉपवर हेच हवं असेल तर क्रोममध्ये जीमेलचं ‘ऑफलाइन मेल’ घरीच चालू करून ठेवा. त्यात ७, ३० किंवा ९० दिवसांचे मेल साठवता येतात.

पट्टीचा फोटो मेलला जोडताना एक हिशोब लक्षात घ्या. मेलमध्ये जोडलेली फाइल मजकुराच्या रूपात बदलून जाते आणि साधारण एक तृतीयांशानं फुगते. ४ एमबीचा फोटो ५ एमबीच्या वर जातो. कनेक्शन मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. दुकानातल्या मुनीमला सांगून ठेवा, पट्टी व्हॉट्सॲपवर साध्या दर्जाचा फोटो म्हणून पाठवायची. एचडी नको, आणि डॉक्युमेंट म्हणून तर नकोच, कारण तशी पाठवली की ती मूळ आकारात येते. भाव तर नुसते टाइप करून पाठवायला सांगा.

मोंढेकर_लातूर
लई उपयोगी माहिती, आभारी आहे. पण विमान मोडवर ठेवलं तर बँकेचे ओटीपी कसे येणार? आणि जीएसटीची तारीख त्याच दिवसांत येते.

धाराशिवकर
समुद्रात एसएमएसच्या ओटीपीवर काहीच अवलंबून ठेवू नका. व्हॉट्सॲप विमान मोडमध्येही वाय-फायवर चालतं, त्याला रोज ओटीपी लागत नाही. मात्र ते काढून परत टाकू नका आणि दुसऱ्या मोबाइलवर हलवू नका, नव्यानं नोंदणी करायला एसएमएस किंवा कॉल लागतो. गूगल खात्याचे बॅकअप कोड घरीच काढून कागदावर लिहा; आठ आकडी दहा कोड मिळतात आणि एक कोड एकदाच चालतो.

जीएसटीचं तर आधीच उरका. महिन्याचं रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) ला ११ तारीख, ३बी (कर भरायचं रिटर्न) ला २० तारीख. पण भरायला शेवटच्या दिवसाची वाट कशाला बघायची? राहिलंच तर ईव्हीसीचा (रिटर्नवर सहीऐवजी चालणारा) ओटीपी नोंदलेल्या मोबाइलसोबत नोंदलेल्या ईमेलवरही येतो, तो वाय-फायवर मिळतो. पोर्टलवर तुमचाच मेल नोंदलेला आहे ना, हे निघायच्या आधी बघा. बऱ्याच ठिकाणी सल्लागाराचा मेल टाकलेला असतो.

बँकेची आरटीजीएस-एनईएफटी कामं बंदरात करा. जमिनीवर रोमिंग चालू असलं की एसएमएस येतात, आणि बहुतेक पॅकमध्ये येणाऱ्या एसएमएसला पैसे नाहीत. शेतकऱ्यांचे पैसे अडकू नयेत म्हणून खातं हाताळायचा अधिकार घरातल्या एखाद्याला आधीच देऊन ठेवलात तर जास्त बरं.

गोदाकाठ_नांदेड
बंदरातलं राहिलं होतं. पिनांगला जहाज जॉर्ज टाउनमध्ये स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, म्हणजे उतरलात की शहरच. जड काम तिथं करा: फोटो चढवणं, व्हिडिओ कॉल, मोठ्या फाइली. रोमिंगऐवजी ई-सिम (कार्ड न घालता मोबाइलमध्ये बसवायचं सिम) घेणार असाल तर ते घरच्या नेटवर बसवून न्या, क्यूआर कोड लावताना इंटरनेट लागतं, आणि मोबाइल ई-सिम घेतो का तेही तपासा. जहाजावर परतताना पुन्हा विमान मोड. जहाजाचं घड्याळ कुठलं धरतात तेही विचारा: मलेशिया-सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, थायलंड दीड तास. सौद्याच्या वेळेचा घोळ होतो.

देवगिरी_नेटवर्क
एक राहिलं. शेवटच्या रात्री खोलीतल्या टीव्हीवर किंवा ॲपमध्ये बिल उघडून इंटरनेटची ओळ बघा. एकाच पॅकेजचे दोनदा पैसे लागलेले दिसले तर त्याच रात्री गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जा, पहाटे उतरायच्या वेळी तिथं मोठी रांग असते. घरून घेतलेल्या पॅकेजची पावती मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा, मेलमधून शोधायला परत नेट लागेल.