जहाजात चढण्याआधीचा एक दिवस : आपले अनुभव लिहा

(आर्वी, जि. वर्धा)
गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको मुंबईहून क्रूझने गोव्याला जाऊन आलो. जहाजावरच्या दिवसांचे सगळेच विचारतात. त्याआधी बंदराच्या शहरात काढलेल्या दिवसाचे मात्र कोणी विचारत नाही, आणि खरी धांदल त्याच दिवशी होते. विदर्भ एक्सप्रेसने आम्ही सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. जहाज जेथून सुटते तो बॅलार्ड पिअरचा धक्का तेथून जवळच आहे, परंतु जहाज दुसऱ्या दिवशीचे असल्याने सामान क्लोकरूममध्ये ठेवावे असे ठरवले. तेथे त्यांनी सुटकेस ठेवून घेतली, धपाटे आणि जवसाची चटणी असलेली कापडी पिशवी मात्र कुलूप नाही म्हणून परत दिली, आणि ती दिवसभर माझ्या खांद्यावर राहिली. आपण सामानाचे काय केले, काय पाहिले, ते सविस्तर लिहावे.

(दर्यापूर, जि. अमरावती)
आम्ही काहीच पाहिले नाही. एका मुक्कामाचे पैसे वाचवण्यासाठी त्याच दिवशी सकाळी पोहोचणारी गाडी धरली, ती कसाऱ्याच्या अलीकडे अडकून पडली. जहाज पाचला सुटणार म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिकिटावरची चढण्याची मुदत तीनची होती, हे मुलीने कल्याण गेल्यावर वाचून दाखवले. दहा मिनिटे राखून पोहोचलो, ओळखपत्रे मात्र सुटकेसच्या तळाशी होती. ती जवळ ठेवा.

(खामगाव, जि. बुलढाणा)
माझ्या बाबांचे सारे आयुष्य कापूस विकण्यात गेले. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा 1870 मध्ये सुरू झाला, त्यामुळे आपल्याकडच्या गाठी मुंबईत नेमक्या कोठे उतरत, हे पाहण्याची त्यांची जुनी इच्छा होती. म्हणून गेटवे ऑफ इंडिया सोडून आम्ही आधी हार्बर लोकलने कॉटन ग्रीनला गेलो. पूर्वी किल्ल्याच्या (फोर्टच्या) भागात ज्या हिरव्या मोकळ्या जागेवर कापसाचा व्यवहार चाले, तिचे नाव बाजाराबरोबर कुलाब्याला आणि पुढे शिवडीकडच्या या भागात आले. स्टेशनाबाहेर बाबांनी चारी बाजूंना पाहिले आणि म्हणाले, “अरे, इथं तं सरकीचा एक दाणाही नाही!” जुन्या कापूस बाजाराची हिरवी इमारत दाखवल्यावर ते जरा निवळले. दुपारी बॅलार्ड इस्टेटमधून चालत गेलो. गोदीच्या खोदकामातून निघालेल्या मातीने भर घालून हा भाग उभा राहिला आणि त्याची आखणी गेटवेचेच वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी केली, हे ऐकून बाबांनी पायाखालचा फूटपाथ चपलेने दोनदा ठोकून पाहिला. दुसऱ्या दिवशी जहाजाच्या कठड्याशी उभे राहून ते समुद्राकडे नव्हे, मागे सुटणाऱ्या गोदामांकडे पाहत होते.

(कारंजा, जि. वाशिम)
आमचे बंदर वेगळे, कोची. लक्षद्वीपला जाणारे जहाज तेथून पकडायचे होते. प्रवेशाचा परवाना आधीच काढलेला असल्याने हाती मोकळा दिवस होता. एर्नाकुलमहून बोटीने फोर्ट कोचीला गेलो. चिनी जाळी ओढणाऱ्यांनी माझ्या यजमानांनाही दोराला लावले. त्या दोरांना टांगलेल्या दगडांचा तोल असा साधलेला असतो की एवढे मोठे जाळे थोड्याच माणसांनी वर येते. यजमान म्हणाले, मोटेचा नाडा याहून जड होता. जवळच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला 1524 मध्ये पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, तरी थडग्याची जागा दाखवतात. मट्टनचेरीचे 1568 चे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, मात्र बंद मिळाले, कारण तो शनिवार, त्यांचा विश्रांतीचा वार होता.

(आर्वी)
ताई, वाराचा घोळ आमचाही झाला. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे आम्हाला गेटवेच्या धक्क्यावर, खांद्यावर धपाट्यांची पिशवी घेऊन उभे असताना कळले. शेवटी तेथेच बसून ती शिदोरी सोडली.