पॅरिसमध्ये पहिल्यांदाच जेवायला बोलावलंय, सल्ला हवा

म्युनिकमध्ये सहा वर्षं काढून दोन महिन्यांपूर्वी पॅरिसला आलो. पुढच्या शनिवारी नवऱ्याच्या सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावलंय, वेळ रात्री आठची. म्युनिकला आठ म्हणजे आठ. लवकर पोचलो तर खाली थांबायचं आणि ठोक्याला बेल वाजवायची, दारात बूट काढायचे. इथे कसं असतं? काय न्यावं? मी पूर्ण शाकाहारी आहे आणि आम्ही दोघंही पीत नाही. इथलं पहिलंच आमंत्रण आहे, आमच्यामुळे यजमानांना अवघडल्यासारखं व्हायला नको.

प्रतिसाद १
आठला बेल वाजवू नका, सव्वाआठला वाजवा. या पंधरा मिनिटांच्या उशिराला इथे सौजन्य म्हणतात, कारण यजमानांची तयारी चालू असते. आणखी उशीर होणार असेल तर मेसेज करा. इमारतीच्या दाराचा कोड आणि मजला आधीच विचारून घ्या. आम्ही विचारला नव्हता, फोन लागेना आणि डिसेंबरच्या थंडीत खाली उभे होतो.

शाकाहाराचं आजच कळवा. ताटावर बसल्यावर सांगितलं तर बिचाऱ्यांची धावपळ होते. नुसतं 'शाकाहारी' म्हणू नका, कारण मासे चालत असतील असं समजणारे भेटतात. मांस, मासे, त्यांच्या हाडांचं पाणी घातलेलं सूप, सगळं स्पष्ट लिहा. मुख्य पदार्थानंतर आणि गोडाच्या आधी चीज येतं. रोकफोर, कोंते यांसारख्या चीजमध्ये कोकराच्या किंवा वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विरजणासारखं द्रव्य असतं. चालवून घ्यायचं की नाही, ते घरूनच ठरवून जा.

प्रतिसाद २
फुलं नेणार असाल तर शेवंती मुळीच नको! आपल्याकडे दसऱ्याला दारावर तोरण लावतो, पण इथे 1 नोव्हेंबरच्या सुमारास ती थडग्यांवर वाहतात.

प्रतिसाद ३
वाइन नेलीच पाहिजे असं नाही, चांगली चॉकलेटं न्या. भाजी किंवा पुलाव करून नेऊ नका. त्यांचा बेत पहिल्या पदार्थापासून शेवटपर्यंत ठरलेला असतो, त्यात आपलं पातेलं कुठे बसवणार? चकली मात्र जरूर न्या. सुरुवातीला 'आपेरो' असतो, म्हणजे पेय आणि चटकमटक. तिथे चकली शोभते, ज्यूस मागितला तरी कोणाला वावगं वाटत नाही. जेवण सुरू व्हायलाच नऊ वाजतात, तेव्हा संध्याकाळी थोडं खाऊन निघा. बुटांचं यजमानांच्या पायांकडे बघून ठरवा. जेवून लगेच उठू नका, गप्पा त्यानंतरच रंगतात. शनिवारी मेट्रो रात्री सव्वादोनपर्यंत असते.

धागाकर्ती
मनापासून आभार! शेवंतीचं वाचून दचकलेच, फुलवाल्याकडे पिवळी कुंडी हेरून ठेवली होती. शाकाहाराचं सविस्तर कळवलं, त्यांनी लगेच अंड्याबद्दल विचारलं आणि कोडही पाठवला. सासूबाईंनी दिलेली भाजणी आहे, शुक्रवारी चकल्या करते.