हार घालण्याआधी गाडी बघितली का? अनुभव लिहा

पाडव्याला भावानं नवा दहाचाकी ट्रक उचलला. शोरूमवाल्यांनी काचेखाली ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचा हार बांधलेला. घरी आल्यावर हार सोडला, तर खाली ग्रिलच्या कोपऱ्याला रंगाचा टवका उडालेला! ताबापावतीवर सही आधीच झालेली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गाडीवाल्यांनो, ताबा घेताना तुम्ही काय बघता? आणि काय बघायचं राहिलं?

संकेश्वर
मी आधी टायर बघतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दहा टायर आणि स्टेपनी, अकरा वेळा वाचायचं. जोडचाकातल्या आतल्या टायरचा आकडा बघायला टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटावं लागतं, शोरूमची पोरं हसतात. हसू देत. माझ्या गाडीला नऊ टायर एका महिन्यातले, एक टायर आणि स्टेपनी दीड वर्ष जुनी. "चुकून लागला असेल, साहेब." चुकून कधी नवा का लागत नाही, कुणास ठाऊक. दोन्ही बदलून घेतले, पण त्यात अख्खा दिवस गेला.

निपाणी, ऊस वाहतूक
मीटरला 900 किलोमीटर बघून आमचा चुलता लई भडकला. जुनी गाडी गळ्यात मारली म्हणं. अवो काका, गाड्या बनत्यात त्या कारखान्यातनं गाडी रस्त्यानंच चालवत आणत्यात, मीटर शून्य कुठनं असंल? खरी गंमत पुढं. टूलकिटच्या पिशवीत जॅक हुता, टॉमी, म्हंजे चाकाचं नट फिरवायचा दांडा, न्हवती. पहिलं पंक्चर हत्तरगीजवळ झालं तवा कळलं.

खानापूर
गाडी ठीक होती, कागद चुकले. चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, 17 अक्षरांचा. विम्याच्या पॉलिसीवर त्यात शून्याच्या जागी 'ओ' टाईप झालेला. चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, पण हे मला तेव्हा कुठं माहीत? आरटीओत फाईल अडली, पॉलिसी दुरुस्त होऊन येईपर्यंत बारा दिवस गाडी दारात उभी आणि बँकेचा हप्ता चालू. आता चासीवर पेन्सिल घासून छाप काढतो आणि बिल, विमा, फॉर्म 21 (विक्रीचा दाखला), फॉर्म 22 (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला) त्या छापाशी एकेक अक्षर ताडून बघतो. आमच्या गाडीच्या नंबरात दहावं अक्षर सालाचं होतं: आर म्हणजे 2024, एस म्हणजे 2025. जानेवारीत गाडी घेताना तेवढं बघाच, जुन्या सालाची निघाली तर भाव पाडून मागता येतो.

चिकोडी
ब्रेकच्या टाकीत हवा भरू द्या, इंजिन बंद करा, चहा पिऊन या. हवेचा काटा खाली आला असेल तर कुठंतरी गळती आहे. बॅटरीचा नंबर वॉरंटी कार्डाशी जुळवा. बस.

बेळगाव, ड्रायव्हर
सगळे मालक लिहितायत, म्हणून मीपण लिहितो. मालक आत पेढे खातात, गाडी चालवायची मला, आणि मला विचारतंय कोण? गेल्या गाडीला क्लच पहिल्या दिवसापासून जड. मी म्हटलं, "मालक, एक फेरी मारून बघू." ते म्हणाले, "मुहूर्त टळेल." मग चोर्ल्याच्या घाटात पाय भरून आला माझा. 2025 सालात नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. परवा दुसरी गाडी घ्यायला गेलो, तर मालकांनी सगळ्यात आधी एसी लावून बघितला. मी गुपचूप क्लच दाबून बघितला.