शरीररचनेचे शब्द डोक्यात टिकत नाहीत, सुरुवात कुठून करू?

कोरी_वही: नमस्कार मंडळी. मी कॉमर्सवाली, आता मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना ठरलेले कोड देणं) शिकतेय. पहिल्याच आठवड्यात अँटेरियर (पुढचं), पोस्टेरियर (मागचं), मीडियल (शरीराच्या मध्यरेषेकडचं), लॅटरल (मध्यरेषेपासून बाहेरचं), प्रॉक्सिमल (धडाजवळचं), डिस्टल (धडापासून लांबचं) असा मारा झाला. रात्री पाठ, सकाळी सफाचाट. यादी घोकू, मराठी प्रतिशब्द लिहून ठेवू, की आधी हाडं शिकू? २०६ हाडांचा तक्ता भिंतीवर लावलाय. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

फिजिओ_तिसरं_वर्ष: तक्ता गुंडाळ आणि उभी राहा. खरंच उभी राहा. चेहरा समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे, म्हणजे अंगठे बाहेरच्या बाजूला. ही अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन. माणूस पालथा पडलेला असो नाहीतर उलटा लटकलेला, शब्द वापरताना तो असाच उभा आहे असं धरायचं. डोकं नेहमी सुपीरियरच, म्हणजे वरचं.

तळवे पुढेच का, असं मलाही वाटायचं. तसे ठेवले की कोपरापुढची दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, समांतर राहतात. तळवा मागे वळवला की रेडियस अल्नावर तिरकं येतं. दुसऱ्या हाताने धरून बघ, कळतं.

दुसरं म्हणजे हे शब्द तुलनेचे आहेत. ‘कोपर प्रॉक्सिमल की डिस्टल?’ हा प्रश्नच अर्धवट. मनगटाच्या तुलनेत प्रॉक्सिमल, खांद्याच्या तुलनेत डिस्टल. यादी घोकताना नेमकं हेच निसटतं.

काळी_फिल्म: सीटी स्कॅन विभागात काम करतो, म्हणून एक भर. उजवं-डावं नेहमी रुग्णाचं. आडवा छेद आपण रुग्णाच्या पायाकडून वर बघतोय असा मांडलेला असतो, त्यामुळे रुग्णाच्या उजवीकडचं यकृत स्क्रीनवर डावीकडे दिसतं. नवीन माणूस इथे हमखास फसतो.

कोरी_वही: आणि मराठी प्रतिशब्द?

फिजिओ_तिसरं_वर्ष: समीपस्थ-दूरस्थ पाठ करून ओझं दुप्पट होईल. माझं मत, रोजची मराठी वापर. पुस्तकातला ‘आर्म’ म्हणजे फक्त आपला दंड. ‘लेग’ म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग, अख्खा पाय नव्हे. मांडीला वेगळा शब्द आहे. कोडिंगमध्ये हा घोळ महागात पडेल.

जुना_मास्तर: थोडा असहमत. प्रतिशब्द सोडा, पण शब्द फोडायला शिका. हायपोकाँड्रियाक बघून घाबरायला होतं. हायपो म्हणजे खाली, काँड्रो म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चेखालचा पोटाचा भाग, झालं. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हा मानेचा स्नायू तर स्वतःचा पत्ताच सांगतो: उरोस्थी (छातीचं मधलं हाड) आणि गळपट्टीचं हाड इथून निघून कानामागच्या उंचवट्यापर्यंत.

कोरी_वही: हे आवडलं! पेशी, ऊती, अवयव, संस्था ही उतरंड सोपी वाटली, फक्त रक्ताला ऊती का म्हणतात?

जुना_मास्तर: ऊतींचे प्रकार ४: अभिस्तर (आवरणाची), संयोजी (जोडणारी), स्नायू, चेता (मज्जातंतूंची). संयोजी ऊतीत पेशी एखाद्या आधारद्रव्यात विखुरलेल्या असतात. हाडात ते कडक, रक्तात पातळ, म्हणजे प्लाझ्मा. बाकी शाळेचं पुस्तक पुरेल.

कोरी_वही: बघा जमलं का. नाक कानापेक्षा मीडियल. गुडघा घोट्यापेक्षा प्रॉक्सिमल. हाताचा अंगठा करंगळीपेक्षा मीडियल.

फिजिओ_तिसरं_वर्ष: तळवे मागे करून बसली आहेस ना? हाताचा अंगठा लॅटरल. पायाचा मात्र मीडियल.