क्यूकेनहॉफचे ट्युलिप: मार्चअखेर की एप्रिल?

रानवाट: आईला नेदरलँड्समधली क्यूकेनहॉफची फुलबाग दाखवायचीय. तिला फार चालवत नाही, त्यामुळे जायचं ते ऐन बहरातच. मार्चअखेर तिकिटं स्वस्त पडताहेत. तेव्हा ट्युलिप असतात का?

केशरदांडी: थोडा खर्च वाढला तरी चालेल, पण एप्रिलचा मध्य धरा. बाग मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. सुरुवातीला क्रोकस, डॅफोडिल आणि हायसिंथ जास्त. ट्युलिपचा खरा जोर एप्रिलच्या मध्यापासून. तिथे साधारण 70 लाख कंद दर शरद ऋतूत हाताने लावतात, तेही थरांनी: उशिरा फुलणारे खाली, लवकरचे वर. म्हणून एकच वाफा पुन्हा पुन्हा फुलतो. वाकून बघा, सुकत चाललेल्या क्रोकसच्या पात्यांमधून ट्युलिपची हिरवी टोकं वर येताना दिसतात. मला तर भर बहरापेक्षा तेच जास्त आवडतं!

रानवाट: आणि बागेबाहेरची ट्युलिपची शेतं? ती नंतर पाहिली तर?

केशरदांडी: शेतं आधी बघा. शेतकऱ्याला कंद हवा असतो, फूल नव्हे. कंद पोसावा म्हणून बहर आला की फुलं खुडून टाकतात, रंगीत पट्टा बघता बघता हिरवा होतो. आणि कृपा करून वाफ्यांत शिरू नका.

सांजफूल: आईंसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, बाग 32 हेक्टरची आहे. गर्दी टाळायला सकाळी लवकर जा, पण ट्युलिप गारठ्यात मिटलेले असतात. उघडी फुलं हवी असतील तर ऊन चढेपर्यंत थांबा.