व्हर्मिअरचं ‘छोटी गल्ली’ : ते घर खरंच होतं का? आणि विटा कशा रंगवल्या असतील?

गावभागवाली, सांगली :
नमस्कार मंडळी, एक विचारायचंय. डच चित्रकार योहान्स व्हर्मिअरचं नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातलं ते ‘छोटी गल्ली’ चित्र आहे ना, 1658 च्या आसपासचं, त्याची प्रिंट माझ्या टेबलासमोर लावलीय आणि महिनाभर तेच बघत बसलेय. काही घडत नाही त्यात, एक बाई दारात शिवत बसलीय, दुसरी बोळात काम करतीय, दोन पोरं फरशीवर वाकून खेळतायत, तरी नजर हलत नाही. आमचा गावभागातला वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत, 2019 च्या पुराची रेघ अजून भिंतीवर आहे, तर त्याआधी मला आमचा बोळ असाच वॉटरकलरमध्ये काढायचाय. चित्रातलं ते घर खरं होतं का? आणि एवढ्या विटा काढायच्या कशा, मी तीनदा कागद फाडला.

माहुलीकर, सातारा :
घराचा पत्ता लागलाय ताई. फ्रान्स ग्रायझेनहाउट नावाच्या अभ्यासकानं 2015 मध्ये 1667 ची करवसुलीची वही धुंडाळली, त्यात कालव्याकाठच्या घरांची रुंदी लिहिलेली होती. दोन घरं आणि त्यांच्यामधे साधारण 1.2 मीटरचे दोन बोळ एकमेकांना लागून, असं जुळणारं ठिकाण त्यांना डेल्फ्टमधल्या व्लामिंगस्ट्राट या रस्त्यावर सापडलं, आत्ताचा नंबर 40-42. उजवीकडचं घर व्हर्मिअरच्या आत्याचं निघालं, ती वजडी विकायची, म्हणून त्या बोळाला वजडीचं दार म्हणायचे!! सगळेच अभ्यासक हे मानत नाहीत, पण मला पटतं, कारण इतक्या मायेनं माणूस ओळखीचंच घर काढतो. आणि 1654 मध्ये दारूगोळ्याचं कोठार उडून डेल्फ्टचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला होता, त्यानंतर तीन-चार वर्षांत यानं शाबूत राहिलेलं जुनं घर काढलं. आपल्याकडं तेव्हा प्रतापगड नुकताच बांधून झाला होता.

चुनेवाला, वाई :
मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, चित्रकलेतलं कळत नाही, पण ती भिंत झूम करून बघा. वरच्या खिडक्यांपाशी तडे गेलेत आणि कुणीतरी चुन्यानं ते भरलेत, भरलेला चुना आजूबाजूच्या विटांपेक्षा वेगळा दिसतो. खालचा पट्टा पांढरा सफेदी केलेला, त्यावर हात लागून लागून मळलेला. बोळातनं पाणी वाहून यायला पन्हाळपण काढलीय. भिंत रोज बघणाऱ्यानंच हे काढलंय. तुमची पुराची रेघ अजिबात गाळू नका, ओल कुठंपर्यंत चढली तेपण दाखवा.

रंगपेटी, मिरज :
विटांचं सांगतो. एकेक वीट काढत बसू नका. त्यानं आधी तांबूस-तपकिरी रंगाचा सलग थर दिलाय आणि वरनं फिकट रंगानं दर्जा, म्हणजे विटांच्या सांध्यांतल्या चुन्याच्या रेघा, ओढल्यात, त्यासुद्धा कुठं ठळक, कुठं पुसट, काही ठिकाणी नुसतेच ठिपके. वॉटरकलरमध्ये उलटं करावं लागेल, दर्जांपुरता कागद कोरा सोडा. अजून एक, तपासणीत कळलंय की बोळाच्या तोंडाशी त्यानं आधी एक बसलेली आकृती घेतली होती आणि नंतर रंगानं झाकून टाकली. त्यामुळंच नजर थेट आतल्या बाईपर्यंत जाते. मी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये प्रत्यक्ष बघितलंय, जेमतेम दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच, म्हणून मोठा कागद घेऊ नका, छोट्यावरच करा. जमलं तर आधी सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या म्युझियममध्ये एक दिवस जाऊन या, खरी चित्रं जवळनं बघितली की हात सुटतो.

गावभागवाली, सांगली :
सगळ्यांचे मनापासून आभार, वजडीचं दार वाचून अंगावर काटाच आला, आमच्या बोळालापण जुनी माणसं भट्टीचा बोळ म्हणतात आणि भट्टी आमच्यापैकी कुणीच बघितली नाही. भिंतीचा खालचा भाग आज करून बघितला, दर्जा कोऱ्या सोडल्या, पहिल्यांदाच भिंत भिंतीसारखी दिसली. उद्या सकाळी सातला ऊन बोळात येतं तेव्हा बसणार आहे. शेजारच्या काकूंना विचारलं दारात बसाल का, तर म्हणाल्या बसते की, तेवढ्यात माझी गवार मोडून होईल.