शाळेत पाणी तपासायला थोडे पैसे कुठून मिळतील?

सिन्नर तालुक्यातली आमची शाळा, पट 62. सातवीच्या मुलांना ओढा उगमापासून विहिरीपर्यंत चालत दाखवायचाय, वाटेत पाणी तपासायचंय. आठ हजार लागतील. कुणाकडे मागू?

— सर, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचं संयुक्त शाळा अनुदान बघा. 31 ते 100 पटाला 25 हजार, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी.

— पाणी तपासायचा संच विकत घेऊ नका! जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे घरोघरी नळाच्या सरकारी योजनेत, गावातल्या 5 महिलांना तपासणी शिकवतात. आमच्या ग्रामपंचायतीत संच कपाटातच होता. खतांतून, सांडपाण्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट नक्की तपासा, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. उकळून ते जात नाही, हे माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं.

— ताई, आभार. उद्याच ग्रामसेवकांना भेटतो. जिवाणू तपासायच्या बाटलीत दूषित पाणी काळं पडलेलं पोरांनी स्वतः बघावं, एवढंच हवंय.